डाव्याला दोरा

परवा सई फोनवर म्हणाली, "आजी, माझं पोट दुखतंय," आणि मी फोन फुलदाणीला टेकवून उठले, पडद्याकडे पाठ करून उभी राहिले आणि म्हणाले, "आता माझ्या पाठीकडे बघ आणि सांग, कुठल्या बाजूला?" नील इतका हसला की खुर्चीवरून खाली गेल्याचा आवाज मला ऐकू आला. "आजी भिंतीशी बोलतेय," असं तो आईला सांगत होता. सई मात्र हसता हसता थांबली आणि म्हणाली, "इकडे. उजवीकडे."

हसलात ते बरोबरच केलंत. पण हे खूळ माझं नाही, मला ते दुसऱ्या बाईकडून लागलं. ती कोण, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं. तुमच्या आईला सगळं ठाऊक आहे, पण ती ते बोलत नाही. मी लिहून ठेवते. सई, तू हे एकटीने वाचलंस तरी चालेल. नीलला थोडं मोठं झाल्यावर वाचून दाखव.

आम्ही सगळे तिला बाय म्हणत असू. भिवंडीच्या खाडीकडच्या गावांत आईला, बहिणीला, लेकीला, सगळ्यांनाच बाय म्हणतात. ती आमची वरिष्ठ होती, आयुर्वेदाची डॉक्टर होती, तरी तिला मॅडम म्हटलेलं चालत नसे. "मॅडम पुष्कळ आहेत. बाय म्हणा, म्हणजे मी वळून बघेन," असं ती म्हणायची.

तुमचे आजोबा गेले, माझी शाळेतली नोकरी संपली, आणि घरात घड्याळाचा आवाज फार मोठा वाटायला लागला. तेव्हा मी पडघ्याच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या एका हॉस्पिटलात कामाला लागले. रेकॉर्ड रूममध्ये. माझं इंग्रजी चांगलं होतं आणि डॉक्टरांचं अक्षर वाचायला शाळेतल्या पेपरांची सवय कामी येईल, असं तिथल्या लोकांना वाटलं. पेशंट घरी गेला की त्याचे कागद आमच्याकडे येत. ते वाचायचे, आजार काय, कुठे, कुठल्या जातीचा हे शोधायचं आणि त्याला ठरलेला कोड द्यायचा. इन्शुरन्सवाल्यांना आजाराचं नाव कळत नाही, कोड कळतो. बाय आधी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं कोडिंग करणाऱ्या एका कंपनीत होती. तिथले नियम ती सोबत घेऊन आली होती आणि आमच्या हॉस्पिटलानेही तीच पद्धत घेतली. म्हणजे तिकडे अमेरिकेत तुमच्या गावातल्या डॉक्टरकडे जे कोड चालतात, तेच.

तिला नोकरीची गरज नव्हती. वडप्याला तिच्या सासरची जमीन होती, तिच्यावर आता गोदामं उभी होती. नवरा म्हणायचा, घरी बस, आराम कर. ती म्हणायची, "तुमच्या गोदामातल्या खोक्यांवर बाण असतो, 'ही बाजू वर' म्हणून लिहिलेलं असतं. बाईच्या पोटावर काय लिहिलेलं असतं? मग तिथे माणूस नको?"

बाय भित्री होती. हे मी सर्वांत आधी सांगायला हवं होतं. कुत्र्याला, विजेला, नवऱ्याला, मोठ्या डॉक्टरांना ती भीत नसे. ती भीत असे ती डाव्या-उजव्याला, आणि त्याहून जास्त एका शब्दाला. तो शब्द म्हणजे 'साधी'.

बाईच्या पोटात गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशयं असतात. त्यांच्यावर कधी कधी गाठ येते. पुष्कळदा ती साधी असते, म्हणजे काढली की संपलं. कधी वाईट असते, म्हणजे कॅन्सर. आणि काढलेली गाठ लॅबमध्ये भिंगाखाली बघितल्याशिवाय ती कुठली हे कुणालाही खात्रीने सांगता येत नाही. डॉक्टर अंदाज करतात, अंदाज बहुतेक बरोबरही येतो. पण बायच्या खोलीत अंदाजाला बसायला खुर्ची नव्हती. लॅबचा रिपोर्ट आलेला नसेल, तर ती फाइल रॅकमध्ये पालथी ठेवायची. रिपोर्ट आला की सुलटी करायची, मग कोड. 'डी सत्तावीस' म्हणजे अंडाशयाची साधी गाठ. पुढे टिंब देऊन शून्य म्हणजे उजवी, एक म्हणजे डावी. बाजू कोडातच असल्यामुळे बाजू कळल्याशिवाय कोड पुरा होत नसे.

त्या बाजूसाठी तिचा एक विधी होता. ती खुर्चीवरून उठायची, कागदाकडे पाठ करायची, स्वतःच्या पोटावर हात ठेवायची, डोळे मिटायची आणि मोठ्याने बाजू म्हणायची. मग वळून लिहायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, हिला काहीतरी होतंय. नंतर तिने मला समजावलं.

"टीचर, डॉक्टर बाईच्या समोर उभा असतो. त्याचा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला. सोनोग्राफीच्या चित्रात परत उलटं. शाळेत आरशात बघून भांग पाडायला शिकलेली माणसं आपण. म्हणून आधी बाईच्या जागी उभं राहायचं. मग लिहायचं."

"पण कागदावर 'लेफ्ट' असं स्पष्ट लिहिलंय ना?"

"लिहिणारा कुठे उभा होता ते लिहिलंय?"

मीही उठून उभी राहायला लागले. आमच्या खोलीच्या दारावरून जाणारे वॉर्डबॉय म्हणत, "चला, रेकॉर्डची आरती सुरू झाली." मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे सर्जन, कधी आत आले आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे पाठ करून पोटावर हात ठेवून उभ्या असलो, की ते दारातच थांबून म्हणत, "बाय, प्रसाद झाला की सांगा."

प्रसादाचंही तिचं निराळंच होतं. वज्रेश्वरीला नवस बोललेले लोक ऑपरेशन नीट झालं की फोडलेला नारळ, पेढे आणून द्यायचे. ती नाही म्हणत नसे. पण रिपोर्ट आला नसेल तर प्रसाद खणात ठेवायची. पेढ्यांना मुंग्या लागायच्या, खोबरं खवट व्हायचं. रिपोर्ट साधा आला की तेच खवट खोबरं ती आम्हाला वाटायची आणि स्वतःही डोळे मिटून खायची. रिपोर्ट वाईट आला, तर संध्याकाळी घरी जाताना पुडी पिशवीत घालून न्यायची आणि खाडीत सोडायची. मी एकदा विचारलं, यात काय मिळतं? म्हणाली, "काय मिळायचंय. पण ज्याची अजून खात्री नाही ते गोड लागत नाही."

आणि दोरा. तिने ऑपरेशन थिएटरमध्ये एक चाल पाडली होती. काढलेलं अंडाशय डावीकडचं असेल तर बरणीत टाकण्याआधी त्याला काळ्या रेशमाचा एक टाका बांधायचा. उजवं असेल तर नाही. बरणीवर चिठ्ठी असतेच, पण चिठ्ठी भिजते, सुटते, झाकणं बदलतात. दोरा मांसालाच बांधलेला असतो. मोठे डॉक्टर वैतागायचे. "बाय, हे भिवंडी आहे, इथे घरोघरी लूम आहेत म्हणून पोटातही सूत घालायचं का?" थिएटरच्या सिस्टरला तर वाटायचं की हा काळा दोरा दृष्ट लागू नये म्हणून आहे. बाय म्हणाली, "नजर लागू नये म्हणून न्हाय गो. नजर चुकू नये म्हणून."

बायची बोली ही तिच्या भीतीची खूण होती. एरवी ती शाळेतलं मराठी बोलायची. घाबरली की 'नाही'चं 'न्हाय' व्हायचं आणि 'कुठली'चं 'कंची'. 'टीचर, तुम्ही'चं 'गो, तू' झालं की मी समजायचे, काहीतरी आहे.

तुमच्या आईच्या लग्नाला वर्ष झालं होतं. अमेरिकेला जायची तयारी चालली होती. पोटात दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली तर डाव्या अंडाशयावर मोठी गाठ निघाली. मोठ्या डॉक्टरांनी चित्र बघून सांगितलं, "डर्मॉइड दिसतेय. साधी असते. अंडाशयासकट काढावी लागेल, पण उजवं छान आहे. एक पुरतं." ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात झालं, नीट झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आजीबाई, पेढे आणा." मी तेव्हा आजी नव्हते, पण त्यांना म्हणायचं होतं ते मला कळलं.

मी पेढे आणले. सगळ्या मजल्यावर वाटले. बायने एक घेतला आणि खणात ठेवला.

त्या दिवशी मला तिचा राग आला. मी म्हटलं, "बाय, डॉक्टर सांगतायत साधी आहे. निदान आज तरी."

"दिसतेय म्हणाले ते."

"तुम्हाला एकदा तोंडाने म्हणायला काय हरकत आहे?"

तुमच्या आईची फाइल तिने दोन्ही हातांनी उचलली आणि रॅकमध्ये पालथी ठेवली, हळूच, झोपलेल्या मुलाला कुशीवर वळवतात तशी.

त्याच दिवशी थिएटरमध्ये आणखी एका मुलीचं अंडाशय काढलं होतं. ती पडघ्याची, गोदामात पॅकिंगला जाणारी, लग्न ठरलेली. तिचं उजवं. दोन्ही बरण्या एकाच पिशवीतून भिवंडीतल्या लॅबला गेल्या. आमचे डॉक्टर गाठ फोडून बघत नाहीत, अखंड पाठवतात. म्हणजे आत काय होतं ते आमच्याकडे कुणीच पाहिलेलं नव्हतं.

तुमच्या आईचा रिपोर्ट आधी आला. मी तो बायच्या आधी वाचला. डर्मॉइड, साधी, कुठेही वाईट पेशी नाहीत. मी खुर्चीत बसून घेतलं आणि पदराने डोळे पुसले. मग कागद बायच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता खा तो पेढा."

बायने वाचलं. उठली. पाठ केली. पोटावर हात ठेवला. मी हसून वाट बघत राहिले. ती वळली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"कंची बाजू लिवलीय बघ गो."

मी पाहिलं. रिपोर्टमध्ये होतं, उजवं अंडाशय. ऑपरेशनच्या कागदावर होतं, डावं.

मला आधी काहीच वाटलं नाही. टायपिंगची चूक, असं मी म्हणणार होते. मग बायने रॅकमधली दुसरी पालथी फाइल ओढली. पडघ्याच्या मुलीची. तिचा रिपोर्ट आलेला नव्हता. फक्त लॅबची चिठ्ठी होती: या गाठीचे आणखी तुकडे बघायचे आहेत, वरिष्ठांना दाखवायचं आहे, वेळ लागेल. असं लॅब कधी लिहिते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

साधा रिपोर्ट उजव्या अंडाशयाचा. उजवं त्या मुलीचं. मग ज्या गाठीकडे लॅबवाले पुन्हा पुन्हा बघत होते ती कुणाची?

मोठे डॉक्टर म्हणाले, "बाय, क्लार्कची चूक आहे. फोन करा, दुरुस्त करून पाठवतील. मला सोनोग्राफीतच दिसत होतं." आणि ते चुकीचं बोलत नव्हते. लॅबमध्ये फोन केला तर तिथला टायपिस्ट म्हणाला, "मॅडम, पिछली रिपोर्ट पे नाम बदल के टाइप करते हैं, राइट वैसेच रह गया होगा. लेफ्ट कर दूँ?"

बाय म्हणाली, "नको. हात लावू नका. आम्ही येतो."

"राइट का लेफ्ट करना है बस."

"किसका करना है, वो देखना है."

थिएटरमधल्या सिस्टरला तिने विचारलं, "त्या दिवशी डाव्याला दोरा बांधलेला का?"

"बांधला असेल, बाय. रोजच बांधतो."

"असेल म्हणजे?"

त्या दिवशी केस पुष्कळ होत्या, सिस्टरला आठवत नव्हतं. खोटं बोलली नाही, याबद्दल मी आजही तिला मानते; पण त्या क्षणी तिने खोटं बोलावं असं मला फार वाटलं होतं.

आम्ही दोघी रिक्षाने भिवंडीत गेलो. तुमची आई घरी होती, टाके ओले होते, ती फोनवर तुमच्या बाबांशी सामानाच्या बॅगांबद्दल बोलत होती. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? वाटेत एका गल्लीत लूम चालू होते. तो आवाज लहानपणापासून माझ्या कानात आहे, एरवी ऐकूही येत नाही. त्या दिवशी मात्र प्रत्येक ठोका डावं, उजवं, डावं, उजवं असा येत होता.

लॅबच्या बाकावर आम्हाला बसवून ठेवलं. डॉक्टरीणबाई यायच्या होत्या. बाय माझ्या शेजारी बसली होती आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"तुला वाटत असेल, ही बाई अशी का," ती म्हणाली.

मी पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्याकडे वळले.

"मी कालेजात होते. माझ्या पोटात गाठ झालेली. काढली. डॉक्टर माझ्या बापाशी बोलला, माझ्याशी न्हाय. बाप म्हणाला, गाठ होती, काढली, आता तोंडातून काढायचं न्हाय, लगीन मोडेल. झालं. कंची बाजू, मना ठाव न्हाय. उभा टाका हाय, मधोमध. साधी होती का वाईट, मना ठाव न्हाय. लॅबला धाडली का तशीच टाकून दिली, त्ये पण न्हाय. मोठी झाल्यावर इचाराया गेले तर त्यो दवाखानाच बंद."

"पण बाय, तुम्हाला मुलगा झाला. इतकी वर्षं झाली. वाईट असती तर..."

"व्हय. मीच सांगते सगळ्यांना आसंच. पण दरसाल आंग जरा बारीक झालं, पोट जरा जड वाटलं, की मी मोजायला लागते."

"एकदा सोनोग्राफी करून घ्या. राहिलंय ते कुठल्या बाजूचं आहे ते तरी कळेल."

"आणि दिसलं काय तर?"

मग ती तिच्या कामावरच्या आवाजात बोलायला लागली, जशी नव्या मुलींना शिकवायची. "टीचर, दोन कोड आहेत. नवे लोक दोन्हींत घोळ करतात. एक, अनिश्चित. म्हणजे डॉक्टरने भिंगाखाली पाहिलं, पण साधी की वाईट ते ठरवता आलं नाही. दुसरा, नोंद नाही. म्हणजे कुणी सांगितलंच नाही. पहिल्यात कुणीतरी पाहिलेलं असतं. दुसऱ्यात कुणीच नसतं." ती थांबली. "मी दुसऱ्यातली गो."

डॉक्टरीणबाई आल्या. समजूतदार होत्या. बायचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि त्याही घाबरल्या. तपासून उरलेलं मांस लॅब काही आठवडे बरणीत ठेवते. त्यांनी तुमच्या आईच्या नावाची बरणी आणायला सांगितली. वासाने डोळे चुरचुरत होते. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल." मी थांबले नाही.

मुलांनो, डर्मॉइड गाठीत केस असतात. कधी दातही असतात. शरीरात जन्माआधीच चुकून राहिलेलं बियाणं ते, दुसरं काही नाही. भूतबीत काही नाही. हे मी कोडिंग शिकताना शंभरदा वाचलं होतं. पण बरणीतून चिमट्याने वर आलेला तो केसांचा काळा, ओला गुंता पाहिला, तेव्हा मी टेबलाची कड धरली. तो माझ्या मुलीच्या पोटातला होता, किंवा नव्हता. आणि मी मनात म्हणत होते, तिचाच असू दे. एवढं भयंकर दिसणारं काही आपल्या लेकीचं असू दे, म्हणून कुणी आई प्रार्थना करेल का? मी करत होते. कारण हा तिचा नसेल, तर दुसरी गाठ तिची होती.

दोरा दिसत नव्हता. काळ्या केसांत काळा रेशमी टाका, कसा दिसणार? डॉक्टरीणबाई चिमट्याने एकेक बट बाजूला करत होत्या. एक बारीक काळी रेघ अंडाशयाच्या देठापाशी दिसली. त्या म्हणाल्या, "हा आहे वाटतं."

बाय म्हणाली, "वाटतं नको, डॉक्टर."

त्यांनी ते ट्रेमध्ये घेतलं, पाण्याने धुतलं, दिवा जवळ ओढला. केस वाहून खाली आले. एक रेघ तशीच राहिली. चिमट्याने ओढली तर ती ताणली गेली आणि मांसही तिच्याबरोबर हललं. देठाभोवती वेढा होता, आणि वर दुहेरी गाठ, दोन्ही टोकं सारख्या मापात कापलेली.

"केसाला अशी गाठ बसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी दुसरी बरणी आणवली. तिच्यात केस नव्हते, दोराही नव्हता. चिठ्ठ्या बरोबर होत्या, बरण्या बरोबर होत्या. चूक टायपिस्टची होती, त्याने सांगितली तीच. डॉक्टरीणबाईंनी सुधारलेल्या रिपोर्टवर आमच्यासमोर सही केली.

बाहेर रस्त्यावर आलो. रिक्षा मिळेना. बायने माझा हात धरला, तिचा हात थंड होता. ती म्हणाली, "साधी हाय गो. साधी हाय. डावी, आणि साधी."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द असा निघालेला मी पहिल्यांदा ऐकला. परत आल्यावर तिने खणातला पेढा काढला. त्याला मुंग्या लागल्या होत्या. झटकून तिने अर्धा मला दिला.

तुम्ही म्हणाल, मग बाय उगीचच घाबरली ना? हो. मोठ्या डॉक्टरांनी तसं म्हटलंही, चांगल्या मनाने: "बघा, मी सांगत होतो." बायने मान हलवली. "तुम्ही बरोबरच होतात, डॉक्टर. आता आपल्याला ते ठाऊक आहे." त्यानंतर दोऱ्यावरून त्यांनी तिची थट्टा केली नाही असं नाही, केलीच. पण टाका स्वतः बांधायला लागले.

पडघ्याच्या मुलीचा रिपोर्ट पुष्कळ उशिरा आला. साधाही नाही, वाईटही नाही. अनिश्चित. त्यांनी सगळीकडून पाहिलं होतं आणि ठरवता येत नव्हतं. मुलीला दर काही महिन्यांनी तपासायला यावं लागणार होतं. डॉक्टरांनी आईला समजावलं होतं, तरी ती कागदांच्या प्रती घ्यायला आमच्या खोलीत आली आणि उभीच राहिली.

"बाय, डाक्टर बोलला त्ये मना काय समाजलं न्हाय. आमची पोर बरी हाय नव्हं?"

मला वाटलं, बाय आता काहीतरी गोड बोलेल, निदान आज. बाय उठून तिच्या शेजारी उभी राहिली, दोघींची तोंडं एकाच दिशेला.

"डाक्टरांनी पाहिलंय," ती म्हणाली. "नीट पाहिलंय. पाहून सांगता येत न्हाय, म्हणून त्ये परत परत पाहणार. तुझ्या पोरीला पाहणारं कुणीतरी हाय, येवढं धरून ठेव. आणि तारीख चुकवू नको. लगीन असलं तरी चुकवू नको."

त्या आईने नारळ आणला होता. तो बायच्या खणात मावत नव्हता म्हणून कपाटावर राहिला. मुलीच्या तपासण्या चांगल्या येत गेल्या, तिचं लग्नही झालं. पण 'संपलं' असं कुणी लिहून दिलं नाही. बाय रिटायर झाली तेव्हा तो सुकलेला, आत खुळखुळणारा नारळ ती पिशवीत घालून घरी घेऊन गेली.

सई, तू झालीस तेव्हा तुझी आई बाळंतपणासाठी माझ्याकडे आली होती. बाय तुला बघायला आली. लोक नाक कुणाचं, रंग कुणाचा ते बघतात. बायने तुला मांडीवर घेतलं, तुझ्या आईच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "उजव्या बाजूची." नीलच्या वेळी मी फोनवर कळवलं तेव्हाही तेच, "हा पण उजव्या बाजूचा." तिच्या हिशोबात तुमची नावं तीच आहेत.

आता तिचे गुडघे दुखतात, ती घराबाहेर फारशी पडत नाही. सोनोग्राफी तिने केलीच नाही. मी दर दिवाळीला विचारते, ती विषय बदलते, सुकट भाजून देते. परवा तुमच्याशी बोलून झाल्यावर मी तिला फोन केला. सईचं पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

"कंची बाजू?" तिने विचारलं. पहिल्याच शब्दाला तिची बोली खाडीकडे गेली होती.

"उजवी."

"पाहिलं कुणी?"

"तिची आई म्हणते, गॅस असेल."

"असेल म्हणजे?" बाय म्हणाली.

सई, काल तुझी आई म्हणाली, आता दुखत नाही, तू शाळेतही गेलीस. छान झालं. बहुतेक गॅसच असेल. मुलींची पोटं हजार कारणांनी दुखतात. तरी डॉक्टरकडे जा. तुझ्या आईने स्वतःबद्दल त्यांना सांगावं, डावी, डर्मॉइड, साधी, सगळं. ते म्हणाले की काही नाही, तर मला फार आनंद होईल. पण 'काही नाही' हे त्यांच्याकडून लिहून आण, आणि मला वाचून दाखव.

तोवर तुझा टेबलावरचा फोटो मी पालथा ठेवला आहे. नीलला सांगू नकोस, तो परत हसेल. आणि तू घाबरू नकोस. बायच्या खोलीत पालथं म्हणजे वाईट असं कधीच नव्हतं. पालथं म्हणजे कुणीतरी अजून वाट बघतंय.